हुकांची डबी

सांगली,
रविवार, सायंकाळ

प्रिय मैत्रिणीस,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मंगळवारी मिळाले. लेकीला पाचवीपासून पांचगणीच्या कॉन्व्हेंटात वसतिगृहात ठेवण्याचा तुमचा विचार पक्का होत आला आहे आणि तरी सासूबाईंच्या एका प्रश्नापाशी गाडी अडली आहे, हे वाचून मला हसू आले. तेवीस वर्षांपूर्वी मी येथील कॉन्व्हेंटात मराठी शिकवू लागले, तेव्हा माझ्या आईनेही अगदी तोच प्रश्न विचारला होता, "तिथं तुला त्यांचा देव मानावा लागेल का गं?" तिला मी उडवाउडवीचे उत्तर दिले होते. तुला तसे देऊन चालणार नाही, म्हणून आज सवडीने लिहायला बसले आहे.

कायद्याचे आधी सांगते, म्हणजे तो विषय संपेल. राज्यघटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापन करून चालवण्याचा अधिकार दिला आहे. त्याचबरोबर २८ व्या कलमाच्या तिसऱ्या खंडानुसार शासनमान्य किंवा अनुदानित शाळेतील कोणालाही स्वतःच्या, आणि ती व्यक्ती अल्पवयीन असेल तर पालकांच्या, संमतीखेरीज धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येत नाही. सासूबाईंना एवढे जरूर सांग. त्यांचे समाधान मात्र एवढ्याने होणार नाही, कारण त्यांना कलमे नको आहेत, तिथे रोज काय घडते ते हवे आहे.

आणखी एक घोळ आधीच निस्तरते. आपल्याकडे 'मिशन' म्हटले की सगळ्यांना मिरजेचे, डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेले रुग्णालय आठवते; पण ते प्रेसबिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाचे. सिस्टरांच्या शाळा कॅथलिक. पांचगणीची सेंट जोसेफ ही १८९५ ची शाळा चालवतो तो 'डॉटर्स ऑफ द क्रॉस' हा धर्मभगिनींचा संघ १८३३ मध्ये बेल्जियममधील लिएज शहरात मारी तेरेझ हाझ यांनी स्थापन केला. आमच्या सिस्टर दुसऱ्या संघाच्या आहेत, त्यामुळे पुढे लिहिते ते आमच्या शाळेचे समज.

आमच्याकडे सकाळच्या परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि 'आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रार्थना होते. कॅथलिक मुली जेमतेम एका वर्गात मावतील एवढ्या. त्यांना धर्मशिक्षणाचा तास असतो तेव्हा बाकीच्यांना मूल्यशिक्षण असते. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी चॅपलमध्ये मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना, होते, तिला ज्यांना यायचे त्या येतात. दुपारी बाराला घंटा वाजली की सिस्टर जिथे असतील तिथे, अगदी हातात फळ्याचे डस्टर असले तरी, क्षणभर थांबून मरियेची प्रार्थना म्हणतात आणि पुन्हा कामाला लागतात. पहिल्या वर्षी मला ते अवघडल्यासारखे वाटे. आता त्या घंटेवर मी माझे औषध घेते.

राखेच्या बुधवारचे मात्र तुला सविस्तर सांगायला हवे. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वादित केलेल्या झावळ्या जपून ठेवून, त्या जाळून केलेली राख फादर कपाळाला लावतात आणि तिथून ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ सुरू होतो. हा काळ ४० दिवसांचा म्हणतात, पण रविवार उपवासाचा नसल्याने मोजताना ४६ दिवस भरतात. हे गणित दरवर्षी सहावीतली कोणीतरी मुलगी मोठ्या आनंदाने चुकवते. राख लावून आलेल्या मैत्रिणीला एकदा एकीने सरळ विचारले, "कुठला अंगारा गं?" आणि शेजारची जैन मुलगी तिला पर्युषणातल्या उपवासांचे नियम समजावू लागली. सांगलीच्या मुलींना उपवास नवा नाही. त्या काळात वाचवलेल्या पैशांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न तेवढा त्यांना नवा असतो.

आता जे सांगण्यासाठी मी हे पत्र लिहिते आहे ते सांगते. त्यात चूक माझी आहे.

ऑगस्ट २०१९ चा पूर तुला आठवत असेल. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची आणि कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. गावभाग, सांगलीवाडी, शामरावनगर इथली घरेच्या घरे पाण्यात उभी होती. आमची शाळा उंचावर असल्याने सभागृहात पूरग्रस्त कुटुंबांची सोय झाली आणि कपडे गोळा करण्याचे काम माझ्याकडे आले. मी आणि नववीच्या मुलींनी दोन दिवसांत तीन वर्ग भरतील एवढे कपडे जमवले, गठ्ठे बांधले, त्यांवर शाळेच्या नावाच्या चिठ्ठ्या लावल्या आणि खरे सांगायचे तर मला स्वतःचा अभिमानही वाटला. वाटपाच्या वेळी एका बाईंनी गठ्ठ्यातले पोलके उचलून उलटेसुलटे केले. पाचही हुकांच्या जागी नुसते दोरे लोंबत होते. त्या रागावल्या नाहीत. "बाई, हे घालून पंचनाम्याला तलाठ्यापुढं कशी उभी राहू?" एवढेच त्यांनी विचारले. माझ्याशेजारी उभ्या असलेल्या मुलीने फोटोसाठी काढलेला मोबाइल गुपचूप दप्तरात टाकला.

मोठ्या सिस्टर मूळच्या वसईच्या; बोलतात कमी आणि मराठी माझ्याहून गोड बोलतात. त्यांनी मला दोष दिला नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेत त्यांनी मत्तयच्या शुभवर्तमानातील २५ व्या अध्यायाची आठवण करून दिली. भुकेल्याला, उघड्याला, परक्याला तुम्ही जे दिले ते मलाच दिले, असे ख्रिस्त सांगतो तो हा भाग. मग त्यांनी ते पोलके हातात धरून विचारले, "म्हणजे हे आपण कोणाला दिलं?" चॅपलमध्ये कोणी बोलेना. उपासनेला जाणारी मी नव्हे, दाराशी चपला घालून उभी होते. पण त्या प्रश्नाने मला आत ओढून घेतले. तोवर मला वाटे की सिस्टरांची प्रार्थना एका खोलीत असते आणि समाजसेवा दुसऱ्या. त्यांच्या लेखी मात्र त्या बाईंपुढे ते पोलके धरणे हीच उपासना होती आणि ती आमच्याकडून बिघडली होती.

त्या रात्री साडेअकरापर्यंत आम्ही गठ्ठे सोडत बसलो. आपण स्वतः उद्या नेसून बाहेर पडू तेवढेच द्यायचे, बाकीचे एकतर दुरुस्त करायचे नाहीतर पोछ्यांसाठी वेगळे काढायचे, असा नियम ठरला. निम्म्याहून अधिक कपडे वेगळे निघाले. तेव्हापासून बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात हुका, बटणे, चेनी आणि सुया असतात. मुली त्याला हुकांची डबी म्हणतात. उपवासकाळातल्या दर शुक्रवारी हस्तकलेच्या तासाला ती बाहेर निघते आणि वाचवलेल्या पैशांतून भरली जाते. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला तेव्हा करोनामुळे शाळा बंद होती, तरी मुलींनी घरी बसून टाके घातले आणि एकही गठ्ठा न तपासता गेला नाही. फोटो काढायचे नाहीत, हाही नियम तेव्हापासूनचा. यावर एका पालकांनी येऊन तक्रार केली होती की मग प्रमाणपत्राला पुरावा काय जोडायचा. प्रमाणपत्रही देत नाही, असे सिस्टरांनी सांगितल्यावर ते फार हताश झाले.

सगळे असेच सोज्वळ असते असे समजू नकोस. नाताळच्या आधी वृद्धाश्रमात जाऊन गाणी म्हणण्याचा कार्यक्रम आमच्याकडेही आहे, आणि एका डिसेंबरात तिथल्या आजींनी मला हळूच सांगितले की आठवड्यात ही चौथी शाळा, आता गाणी पाठ झाली. पुढच्या वर्षी आम्ही नाताळाऐवजी जूनमध्ये गेलो, गाणी म्हटली नाहीत, त्यांची गोधडी शिवण्यात मदत केली. तेवढे जमले.

म्हणून पांचगणीला जाशील तेव्हा प्रार्थना कोणत्या म्हणवतात हे विचारच, पण त्याबरोबर मुली सेवेला कुठे जातात, वर्षातून कितीदा जातात, आणि परत आल्यावर त्यावर बोलतात का, तेही विचार. वसतिगृहातल्या एखाद्या मोठ्या मुलीलाच विचार. ती खरे सांगेल. सासूबाईंनाही सोबत ने. त्यांना सिस्टरांशी बोलायला आवडेल असे मला वाटते, दोघींचे उपवास जुळतील.

परतताना सांगलीवरून जा, वाकडी वाट झाली तरी. भडंग करून ठेवते. आणि येताना तुळशीबागेतून पोलक्याच्या हुकांची चार पाकिटे आणि पांढऱ्या दोऱ्याची रिळे आण, डबी अर्ध्यावर आली आहे. पैसे इथे आल्यावर देईन, नको म्हणू नकोस; ते मुलींचे आहेत.

तुझीच,
जुनी बाकसोबतीण