म्हादईच्या मुखाशी फक्त चिखल?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात वाचकांच्या पानावर गोव्यात मांडवी नदीतल्या चोडण बेटाच्या सहलीविषयीचं पत्र वाचलं आणि राहवेना म्हणून लिहायला बसले. पत्रलेखक सुशिक्षित दिसतात. दुपारच्या उन्हात रायबंदरहून फेरीने पलीकडे गेलो, तर तिथे चिखल, घाण वास आणि वाकडीतिकडी झुडपं. त्यापेक्षा सरकारने लॉन करून झोपाळे टांगावेत, असं त्यांचं म्हणणं. आणि आपण ते चौकटीत छापलंत!

चोडणचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य हे जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं खारफुटीचं रान आहे. तेवढंसुद्धा आपल्याला खुपायला लागलं?

त्यांचा राग मी समजू शकते, कारण अशीच एक सहल मीही भोगली आहे. आमच्या मंडळाने बेळगावातल्या एका सहलवाल्याकडे बस ठरवली होती. पणजीत जेवण उरकून त्याने आम्हाला दुपारी अभयारण्यात सोडलं. नेमकी पौर्णिमा होती. पाणी उतरत चाललेलं, दोन्ही बाजूंना काळा गाळ उघडा पडलेला. मी मनातून खूश झाले, कारण खारफुटी पाहायची तर ओहोटीलाच. तिवर आणि कांदळ ही इथली खारफुटीची झाडं. तिवराची श्वासमुळं पेन्सिली रोवल्यासारखी गाळातून वर आलेली. कांदळाच्या आधारमुळांचा पसारा, आणि झाडावरच रुजून लोंबणारी त्याची लांब हिरवी रोपं. एक डेंगा म्हणजे नांगी अंगाएवढी मोठी असलेले खेकडे, आणि कल्ल्यांजवळच्या परांवर टेकत चिखलात चालणारे निवटे मासे. मैत्रिणीचा नातू एका निवट्यासमोर उकिडवा बसला. हा मासा पाण्याबाहेर मरत कसा नाही, असं त्याने विचारलं. निवटा तोंडात, कल्ल्यांत पाणी धरून ठेवतो आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेतो, हे मी सांगायला लागले, तोच शिट्टी वाजली. ‘चला चला, इथं काय नाही, नुसता चिखल आहे, बोट चुकेल.’ बोट म्हणजे संध्याकाळी मांडवीत फिरवतात ती, नाचगाण्याची. पोराला दंडाला धरून उठवलं. जाताजाता कुणीतरी कुरकुऱ्याचं रिकामं पाकीट त्याच गाळात टाकलं. मी खाली उतरून ते काढायला निघाले तर सगळे माझ्यावरच ओरडले. आजही ती शिट्टी आठवली की संताप होतो.

पत्रलेखकांना वास आला, तो खरा आहे. त्या गाळात प्राणवायू नसतो. त्यात राहणारे सूक्ष्मजीव कुजक्या अंड्यासारखा वास असलेला वायू सोडतात. म्हणूनच तर तिवराला मुळं वर काढून श्वास घ्यावा लागतो. तिवराचं पान चाटून पाहिलं असतं तर खारट लागलं असतं, कारण मुळांतून आलेलं मीठ ते झाड पानांवाटे बाहेर टाकतं. कोळंबी, खेकडे आणि कितीतरी मासळीची पिल्लं याच मुळांच्या आडोशाला वाढतात. आपल्या बाजारातल्या गोव्याच्या मासळीवर ताव मारताना कुणाला चिखलाचा वास येत नाही.

मला खरी कळ लागली ती वेगळ्याच गोष्टीची. मांडवी म्हणजे आपली म्हादई. ती आपल्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलात उगम पावते. चोडणची खारफुटी जगते ती समुद्राचं खारं पाणी आणि या नदीचं गोडं पाणी एकमेकांत मिसळतं म्हणून. २०१८ मध्ये म्हादई पाणीवाटप लवादाने कर्नाटकाला कळसा-भांडुरा या तिच्या नाल्यांतून ३.९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वळवायला मुभा दिली. तेव्हापासून आपल्या पानांवर टीएमसी, मोर्चे, नेत्यांची निवेदनं यांचा रतीब चालू आहे. पण गोडं पाणी घटलं तर मुखाशी खारेपणा वाढेल, मग या झाडांचं आणि त्या पिल्लांचं काय, यावर एक तरी सविस्तर लेख छापलात का? मी रोज अंक वाचते, माझ्या तरी नजरेला पडला नाही. ज्यांच्या तालुक्यात नदी जन्मते, त्यांनीच तिच्या मुखाला घाण म्हणावं, हे मला सहन होत नाही.

   

सहलवाल्यांना एवढंच सांगणं आहे की वेळ जेवणावर ठरवू नका, तिथी बघा. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी अकरा-बाराच्या सुमारास भरती असते, संध्याकाळकडे ओहोटी. पुढे रोज ती साधारण पाऊण तासाने सरकते. होडीतून खाडीत शिरायचं तर भरती हवी, निवटे-खेकडे पाहायचे तर ओहोटी. अर्धं बेळगाव दर शनिवार-रविवारी गोव्याला पळतं. तेव्हा शुक्रवारच्या अंकात सोन्याचांदीच्या भावाशेजारी पणजीच्या भरती-ओहोटीच्या वेळा छापत चला. चार ओळींची जागा पुरते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, शहापूर, बेळगाव