चार्ल्स नदीवरच्या अनोळखी मदतनीसांना

बॉस्टनच्या ‘हेड ऑफ द चार्ल्स’ या वल्हवण्याच्या शर्यतीत आम्ही पन्नाशी ओलांडलेले आठ वल्हेकरी उतरलो. अंतर ४.८ किलोमीटर, वारा समोरून. किनाऱ्यावर स्टँडवर ठेवलेली आमची १८ मीटरची बोट उडायला निघाली, तेव्हा धावत येऊन तिला धरणाऱ्या दोन मुली, रिगर (वल्हं पेलणारी बोटीबाहेरची चौकट) सैल झाल्यावर न मागता १० नंबरचा पाना पुढे करणारे आजोबा (आमच्याहूनही वयस्कर, आणि तेही स्पर्धकच!), नदीच्या खवळलेल्या रुंद भागात ‘वल्ह्यांची पाती पाण्यावर सपाट ठेवा’ असं मोटरबोटीतून बजावत राहिलेल्या स्वयंसेविका, सगळ्यांचे मनापासून आभार. वीक्स पुलाच्या अवघड वळणावर चक्क मराठीत ‘ओढा रे, ओढा!’ ऐकू आलं. कोण होतात तुम्ही? कळवा, चहा माझ्याकडून.