कळा आणायला नाही, कळा सोसायला

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात शिवणकाम करते, ब्लाउज, फॉल पिको, जूनमध्ये शाळेचे ड्रेस. पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ आणि मोबाईलवर टाईप करतेय तर चुका सांभाळून घ्या. मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतलीच एक सून माप द्यायला आली, आठवा चालू आहे तिचा, आणि माप देता देता तिने पर्समधून घडी घातलेलं कात्रण काढलं, तुमच्याच पुरवणीतलं, नववा भरला की पायाचे हाताचे पॉइंट दाबून नैसर्गिक कळा कशा आणायच्या त्याचं. मला विचारते, काकू हे आतापासूनच रोज दाबलं तर चालेल ना, म्हणजे ऐनवेळी सीझरची भानगड नको. मी टेप गळ्यात टाकला आणि आधी तिला खाली बसवलं.

तुमच्या लेखात आठवड्यांचा आकडाच नाही साहेब. मी तीनदा वाचला. अॅक्युप्रेशर करणारे लोक स्वतःच सांगतात की हे दोन पॉइंट, म्हणजे घोट्याच्या वरचा एसपी ६ आणि अंगठ्याशेजारचा एलआय ४, ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आधी गरोदर बाईला दाबायचेच नाहीत. आता ते दाबून खरंच काही होतं का नाही ही पुढची गोष्ट, पण ज्या विद्येवर लेख छापला त्या विद्येचाच पहिला नियम सोडून दिला. "नववा भरला की" असं लिहून भागत नाही, आमच्याकडे एक बाई नववा लागला तरी भरला म्हणते आणि दुसरी संपला तेव्हा म्हणते. आणि वार म्हणजे प्लासेंटा खाली असेल, आधीचं सीझर असेल, बाळ आडवं किंवा पायाळू असेल, बीपी असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हेही कुठेच नाही.

मी हे वरवर वाचून बोलत नाहीये, मी स्वतः दाबलेत. माझी मुलगी सुरतला दिलेली, उधन्याला राहतात, पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आणली होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीतल्या निंबाला झोका बांधलेला, सगळ्या माहेरवाशिणी झोक्यावर आणि ही ओट्यावर पाय वर करून बसलेली, सुजलेले पाय, वरून ते ऊन, आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन तुम्हाला काय सांगायचं. तिची डेट होती ३ मे. ३ तारीख आली आणि गेली, काहीच नाही. मग जी येईल ती बाई ओट्यावर बसून विचारणार, अजून नाही का? एकीने एरंडेल सांगितलं गरम दुधातून, ते माझ्या सासूबाईंनीच हाणून पाडलं, त्यांनी त्यांच्या दुसऱ्या वेळेला घेतलेलं आणि रात्रभर टमरेल घेऊन वावरात पळत होत्या, कळा काही आल्या नाहीत. मग भाचीने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला पॉइंटचा. मला वाटलं यात खायचं प्यायचं काही नाही, नुसतं दाबायचं, नुकसान काय होणार आहे.

आतल्या घोट्याच्या हाडापासून वर चार बोटं, नडगीच्या हाडाच्या मागच्या कडेला, असं ते ठिकाण. मी माझी चार बोटं लावली. दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं, सवयीने टेप लावला तर माझी चार बोटं तीन इंच आणि पोरीची अडीच, आणि मोजायचं असतं ज्याचा पाय त्याच्याच बोटांनी. म्हणजे दोन दिवस मी भलत्याच जागी दाबत होते! माप चुकलं तर ब्लाउज उसवता येतो एवढं मला कळतं. तरी दाबत राहिले, सकाळ संध्याकाळ, दोन्ही पाय, नंतर हाताचा अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधला गुबगुबीत भाग. पायावर निळे डाग पडले. सासूबाई खाटेवरून बघत होत्या, ऐंशीच्या पुढच्या आहेत, सात बाळंतपणं घरात झालेली, त्या एवढंच म्हणाल्या, "कैरी दाबीसन आंबा व्हस का व?" आम्ही हसलो आणि दाबत राहिलो.

५ तारखेला रात्री पोट कडक व्हायला लागलं. दहा मिनिटांनी, मग पंधरा, मग परत आठ. मला एवढा आनंद झाला की बघा आला गुण, लगेच सुरतला फोन, जावई रात्रीच्या गाडीला उभे राहून आले बिचारे. दवाखान्यात नेलं तर तपासून सांगितलं की खोट्या कळा आहेत, पिशवीचं तोंड उघडलेलंच नाही, आणि पोरीने दिवसभरात पाणी किती प्यायलं ते विचारलं. उन्हात पाणी कमी पडलं की असं पोट आवळतं म्हणे. ओआरएस पाजलं, डाव्या कुशीवर झोपवलं, तासाभरात सगळं थांबलं. जावई दोन दिवस थांबून रजा वाया घालवून परत गेले, आम्ही शेवभाजी करून घातली तेवढीच काय ती त्यांची कमाई.

पण त्या रात्री डॉक्टर मॅडमनी तिची सुरतची फाईल उघडली, तिथलं ममता कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदींचं, गुजरातीत, ते आमच्यापैकी कोणी नीट वाचलंच नव्हतं, आणि त्यातली सोनोग्राफी काढली, अगदी पहिल्या तीन महिन्यातली. त्यावर बाळंतपणाची तारीख १२ मे. मॅडम म्हणाल्या ३ मे ही पाळीच्या तारखेवरून काढलेली, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, पण पाळी मागेपुढे होणारी असेल तर तो हिशोब चुकतो आणि पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीची तारीख जास्त धरायची. म्हणजे ३ तारखेला जेव्हा आम्ही दिवस उलटले दिवस उलटले करत होतो तेव्हा पोरीचे ४० आठवडे झालेच नव्हते, ३८ आठवडे आणि ५ दिवस झालेले. बाळाला कसली घाई नव्हती, घाई आम्हालाच. आणि तशीही डेट म्हणजे काय एसटीचं टाईमटेबल नाही, बरोबर त्याच दिवशी फार थोडी बाळं येतात, ३७ पासून ४२ पर्यंत कधीही. हे मला पन्नाशीत कळलं, दोन बाळंतपणं होऊन.

मॅडमनी निघताना सांगितलं होतं की दाबादाबी सोडा, बाळाची हालचाल मोजा. जेवण झाल्यावर कुशीवर पडून तासभर, सकाळी दुपारी संध्याकाळी, तासाला तीनपेक्षा कमी वाटली किंवा नेहमीपेक्षा मंद वाटली तर घरी बसायचं नाही. आता खरं सांगते, हेच मला तुम्हाला सांगायचं होतं आणि हेच लिहायला जड जातंय. आम्ही दाबणं सोडलं नाही आणि मोजणं केलं नाही. म्हणजे पहिला दिवस मोजलं, मग लग्नसराईचे ब्लाउज होते माझ्याकडे, मग राहिलं. पॉइंट मात्र न चुकता, कारण त्यात कसं, आपण काहीतरी करतोय असं वाटतं. १३ तारखेला दुपारी मी तिच्या पायाशी बसून अंगठा दाबत होते आणि सहज विचारलं बाळ काय म्हणतं, तर ती गप्प. मग म्हणाली आई सकाळपासून विशेष जाणवलं नाही गं. माझा हात तिथेच थांबला. १०२ ला फोन केला, गाडी यायला वीस मिनिटं लागली असतील, त्या वीस मिनिटात मला कानबाईपासून सप्तशृंगीपर्यंत सगळ्या देव्या आठवल्या.

पट्टा लावला पोटाला, ठोके ऐकू आले. ठीक होते. पण ठेवून घेतलं, आणि कळा यायची जेल लावली. घरी सगळ्यांचं ठाम मत की दवाखान्याने कळा आणल्या म्हणजे शेवटी सीझरच, म्हणून तर बायका असले पॉइंट शोधतात. तसं काही झालं नाही, १४ ला सकाळी नॉर्मल झाली, मुलगी, २ किलो ८००. तिचं पाहून सगळ्यांचं तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण ४१ आठवडे पूर्ण झाले की दवाखान्यात कळा आणाव्यात अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनाच करते, वाट बघत बसण्यापेक्षा ते बाळाच्या जिवाला बरं म्हणून. लोकांची सीझरची भीती खोटी नाही हेही मला माहितीये, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात खाजगी दवाखान्यातली ४७.४ टक्के बाळंतपणं सीझरने झालेली आणि सरकारीतली १४.३ टक्के. हा फरक कशाने पडतो त्यावर लेख छापा ना एखादा. आणि सरकारीत लागलंच सीझर तर २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात ते फुकट आहे हे त्या कात्रणवाल्या सुनेच्या सासूला माहितीच नव्हतं.

आता त्या १३ तारखेच्या रात्रीचं. कुठला दवाखाना ते लिहीत नाही, तिथल्या लोकांनी पोरीचं चांगलंच केलं. पण आम्हाला बाहेर बाकड्यावर बसवलेलं, आतून पोरीचा आवाज येतोय, आई गं आई गं, आणि आई दाराच्या या बाजूला. तीनच्या सुमाराला एक वयस्कर सिस्टर बाहेर आल्या, म्हणाल्या हिची आई कोण, या जरा, घाबरलीय ती. मी चपला काढून आत गेले. कुशीवर पडलेली, घामाने केस चिकटलेले. मला दुसरं काही सुचेना तर मी कमरेखाली हात घातला, माकडहाडाच्या वर जिथे दोन बाजूंना खळगे दिसतात तिथे, आणि कळ आली की तळहाताने जोर लावायचा, कळ गेली की सोडायचा. ती म्हणते खाली, अजून खाली, हां तिथेच, सोडू नको. अडीच तास. माझा अंगठा दुसऱ्या दिवशी सुई धरेना. पण ती ओरडायची थांबली होती, नुसती श्वास सोडत होती. साडेपाचला ड्युटी बदलली, नवीन सिस्टरनी मला बाहेर काढलं, नियम नाही म्हणे. पुढचे दोन तास तिने एकटीने काढले.

नियम आहे साहेब. नाशिकला नर्सिंग शिकणाऱ्या माझ्या भाच्याने दाखवलं, २०१६ मध्येच केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वेळी सोबत एक बाई राहू द्यायला मान्यता दिलीय, फक्त तिने स्वतः बाळंतपण भोगलेलं असावं. आणि २०१७ पासून लेबर रूम सुधारायचा 'लक्ष्य' म्हणून जो कार्यक्रम आहे त्यातही ती सोबतीण धरलेली आहे.

त्याच भाच्याने मला ते पॉइंटचंही काढून दिलं. कॉक्रेन म्हणून संस्था आहे, जगभरचे अभ्यास एकत्र करून बघते. २०१७ मध्ये त्यांनी कळा आणण्यासाठी सुया टोचणं आणि पॉइंट दाबणं यावरचे २२ अभ्यास, ३४५६ बायका, असं सगळं तपासलं, तर त्याने सीझर कमी होतात असं काही दिसलं नाही. सुयांनी पिशवीचं तोंड थोडं मऊ होत असावं असं वाटलं, दाबण्याचा तसा काही स्पष्ट फायदा नाही. मग २०२० मध्ये त्यांनीच कळांच्या दुखण्यावरचे अभ्यास तपासले, आणि तिथे मात्र दाबण्याने दुखणं थोडं कमी होत असावं असं निघालं. मी भाच्याला म्हटलं अरे हे मला माहितीये, मी अडीच तास दाबलंय.

तर माझं म्हणणं असं की तुम्ही हात चुकीच्या ठिकाणी लावायला सांगितला. ज्यांना दाबायचंय त्यांनी ३७ आठवड्यानंतर डॉक्टरला विचारून दाबावं, पोरीला बरं वाटतं, मायलेकी जरा बोलत बसतात, माझी ना नाही. पण त्याच लेखात हालचाल मोजायचं छापा, आणि पाणी गेलं, रक्त गेलं, डोकं दुखून डोळ्यापुढे अंधारी आली तर पॉइंट न शोधता गाडी बोलवा हेही छापा, मोठ्या अक्षरात, चौकटीत. आणि तुमचे वार्ताहर तीन जिल्ह्यात आहेत, जळगाव धुळे नंदुरबार, त्यांना पाठवा लेबर रूमच्या बाहेरच्या बाकड्यांवर, किती पोरींच्या आयांना आत सोडतात ते विचारायला. धडगाव मोलगीकडून एवढ्या लांबून येतात पोरी, आत गेल्यावर आपली भाषा बोलणारं तरी कोणी हाताशी असावं.

त्या सुनेचं ब्लाउज मी दोन्ही बाजूंनी मार्जिन सोडून शिवलंय, बाळ झाल्यावर लागेल. कात्रण माझ्याकडे ठेवून घेतलं आणि त्याच्या मागे पेनाने रोजचे तीन रकाने आखून दिले, सकाळ दुपार संध्याकाळ.

पत्र लांबलं असेल तर जावयाच्या गाडीचं आणि एरंडेलाचं काढून टाका, हालचालीचं काढू नका. आणि माझं नाव छापू नका, आमचे व्याही सुरतला बसून मोबाईलवर तुमचा पेपर रोज वाचतात.

आपली एक वाचक,
ता. अमळनेर, जि. जळगाव