पाच शतांश

प्रिय सई,

अनेक आशीर्वाद.

शनिवारी शर्यत संपल्यावर स्पाइक्ससुद्धा न काढता तू ट्रॅकच्या कडेला बसून राहिलीस आणि मी येऊन म्हणाले, "अगं, दुसरा नंबर काय वाईट आहे?" तू उत्तर दिलं नाहीस. बरंच केलंस. माझं चुकलंच.

रात्री झोप येईना, म्हणून तुझ्या त्या अमेरिकन धावपटूच्या, ॲलिसन फेलिक्सच्या वेळा कागदावर मांडत बसले. अथेन्स २००४, वय अवघं १८, २०० मीटरला रौप्य. बीजिंग २००८, पुन्हा रौप्य. दोन्ही वेळा पुढे तीच, जमैकाची व्हेरोनिका कॅम्पबेल. चार वर्षं घाम गाळायचा आणि परत तीच पाठ बघत रेषा ओलांडायची! बीजिंगची वेळ २१.९३. मग लंडन २०१२, सुवर्ण, २१.८८. वजाबाकी केली: पाच शतांश सेकंद.

वाटलं, सापडलं, सकाळी हेच सांगू पोरीला. पण खाली ४०० मीटर लिहिलं आणि सगळं बिनसलं. रिओ २०१६ ला ४९.५१, रौप्य, बहामाजच्या शॉने मिलरने रेषेवर अंगच झोकून दिलं होतं, ४९.४४. पुढचं टोकियो, ४९.४६. इथेही नेमके पाच शतांश कमी, आणि पदक मात्र कांस्य! मधल्या काळात, २०१८ मध्ये, प्रीएक्लॅम्प्सियामुळे (गरोदरपणात रक्तदाब धोकादायक वाढतो तो आजार) तातडीचं सिझेरियन, मुलगी बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेली. त्या ओळीवर मी बराच वेळ थांबले. तुला ते आत्ता नाही कळायचं.

तर कागदातून तुला सांगण्यासारखं काही निघालं नाही. एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. रिओचीच, ४ x १०० रिलेच्या प्राथमिक फेरीतली. बॅटन देताना शेजारच्या लेनमधल्या ब्राझीलच्या धावपटूचा धक्का लागला, फेलिक्सचा तोल गेला, बॅटन खाली. बाकीचे संघ केव्हाच पुढे गेलेले. तरी यांनी बॅटन उचललं आणि शर्यत पुरी केली. अपील मान्य झालं. मग संध्याकाळी रिकाम्या ट्रॅकवर एकट्या त्या चौघी, समोर फक्त घड्याळ. अंतिम फेरीसाठी चीनच्या ४२.७० पेक्षा कमी वेळ हवी होती, ४१.७७ लावली. दुसऱ्या दिवशी पहिल्या लेनमधून सुवर्ण. ती कडेची लेन वळणावर किती आवळते, हे मी तुला काय सांगणार!

शनिवारी शेवटच्या दहा मीटरला तू उजवीकडे बघितलंस. एकदाच. मी स्टँडमध्ये होते, मला दिसलं. त्याने किती फरक पडला ते तुझ्या सरांना विचार, मला त्यातलं कळत नाही. मला फक्त स्टॉपवॉच दाबता येतं.

गुरुवारी सकाळी येऊ का ग्राउंडवर? नको असेल तर तसं सांग, मला राग नाही येणार.

तुझी,
आई