उताऱ्यावरचं ‘साल’ आणि सहा गुंठे ओढा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय, पुणे

विषय: खानापूर तालुक्यातील शेतजमिनीच्या व्यवहारात चुकीचा गोषवारा देणे, ओढ्याखालच्या जागेलाही दर लावणे आणि गरज नसलेल्या दाखल्याचे पैसे घेणे याबाबत.

महोदय,

मी बेळगावचा. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत 31 वर्षं काढली. हाताशी आलेल्या पैशातून जांबोटी भागात थोडी जमीन घ्यावी, चार काजू लावावेत, पावसाळ्यात भात करावं, एवढीच इच्छा. गावातला ओळखीचा एजंट सोडून आपल्याकडे आलो ते एकाच कारणासाठी. आपल्या जाहिरातीत होतं की कर्नाटकातल्या शेतजमिनीची कागदपत्रं कन्नडमध्ये असतात, आमचे तज्ज्ञ ती तपासतात आणि मराठी ग्राहकाला सोप्या भाषेत गोषवारा देतात. बोलण्यापुरतं कन्नड मला येतं. वाचता येत नाही. आमच्या पिढीत असे बरेच आहेत.

एप्रिलमध्ये आपल्या प्रतिनिधीनं जमीन दाखवली. 1 एकर 20 गुंठे, म्हणजे 60 गुंठे, गुंठ्याला 40 हजार, एकूण 24 लाख. मेमध्ये मूळ मालकाला 1 लाख संचकार, म्हणजे इसार, दिला आणि त्याच दिवशी आपले दोन टक्के, 48 हजार, आगाऊ भरले. गोषवारा दोन पानांचा, रंगीत, कोपऱ्यात बैलजोडीचं चित्र. त्यात ‘बोजा’ या शब्दापुढे ‘नाही’. खाली ‘इतर नोंदी’मध्ये एक ओळ होती: ‘साल 180000’. मला ती छपाईची चूक वाटली. मीही विचारलं नाही, हे कबूल करतो.

जूनमध्ये धाकट्या मुलाचं लग्न झालं. सूनबाई धारवाडच्या, कन्नड माध्यमातून शिकलेल्या. एका संध्याकाळी टेबलावर मूळ उतारा पडला होता, तो त्यांनी सहज उचलला. 11 व्या रकान्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “मामंजी, यांच्यावर सोसायटीचं कर्ज आहे की.” आपल्या तज्ज्ञांनी अक्षरं मराठीत उतरवली, शब्द तसाच ठेवला. कन्नडमध्ये ‘साल’ म्हणजे कर्ज. बेळगावच्या बाजारात वाण्याकडे वही चालवणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. ते मराठीतलं साल धरलं तरी कोणतं साल 1 लाख 80 हजाराचं असतं, एवढा प्रश्न तरी कुणाला पडायला हवा होता!

मग सूनबाईंनी उतारा वरपासून वाचायला घेतला. तिसऱ्या रकान्यात एकूण क्षेत्राखाली ‘फूट खराब’ असतं, त्याचे दोन भाग, ‘अ’ आणि ‘ब’. ‘अ’ म्हणजे पिकाखाली न येणारी जागा. ‘ब’ म्हणजे ओढा, रस्ता, वाट अशी सार्वजनिक वापराची जागा. ती मालकाची नसते, त्यामुळे त्याला विकताही येत नाही. आमच्या उताऱ्यात ‘ब’पुढे 6 गुंठे. आपल्या गोषवाऱ्यात हा रकानाच नाही, थेट ‘एकूण 60 गुंठे’.

दुसऱ्या दिवशी मोटारसायकल काढून गेलो. आषाढातला पाऊस, चोर्ल्याच्या रस्त्याला धुकं, शेतात रोप लावणीची गडबड. एप्रिलमध्ये ज्या खोलगट पट्ट्यात उभं राहून आपल्या प्रतिनिधीनं “इथे शेततळं झकास होईल, सर” म्हटलं होतं, तिथून गुडघाभर पाणी वाहत होतं. बांधावर इरलं पांघरून बसलेला म्हातारा हसला. “वडा हाय त्यो. सरकारचा. तुमास्नी सांगितलं न्हाई व्हय?” नाही सांगितलं. त्या सहा गुंठ्यांचे 2 लाख 40 हजार मी देणार होतो आणि त्यावरचा आपला दोन टक्के हिस्सा आपण घेतलेलाही आहे.

आता दाखला. ‘शेतकरी पात्रता दाखला’ या नावाखाली आपण 15 हजार लावले, कारण कर्नाटकात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही म्हणे. तसं होतं, पण भूसुधारणा कायद्यातली 79-ए आणि 79-बी ही कलमं 2020 मध्येच काढून टाकली गेली. तज्ज्ञ म्हणवणाऱ्यांना हे माहीत नसेल तर कठीण आहे. माहीत असून पैसे घेतले असतील तर त्याला काय म्हणायचं ते मी पत्रात लिहीत नाही.

हा सर्व्हे नंबर सामाईक असल्यानं, त्याचा तुकडा विकायचा तर खरेदीआधी 11-ई नकाशा, म्हणजे त्या तुकड्याचा मोजणी नकाशा, लागतो. त्याचा अर्जही आपण केलेला नव्हता. तो मालकानं स्वतः केला. मालक सरळ माणूस आहे. कर्जाचं विचारल्यावर म्हणाला, “मी तुमच्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.” सोसायटीचं फेडून बेबाकी दाखला आणायला तो तयार आहे. खराब क्षेत्र वगळून 54 गुंठ्यांचे 21 लाख 60 हजार, असं आमचं आमच्यात ठरलं आहे. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

फाउंड्रीत माल बाहेर पाठवण्याआधी आम्ही गेज लावून बघायचो; एक नग चुकला तरी गिऱ्हाईक अख्खा लॉट परत पाठवायचं. म्हणून 48 हजार आणि 15 हजार, दोन्ही पूर्ण परत हवेत. ‘फरक समायोजित करू’ असं आपल्या फोनवरच्या बाईंनी सांगितलं, ते मला मान्य नाही. गोषवाऱ्याच्या तळाशी बारीक अक्षरात ‘माहिती केवळ सोयीसाठी’ असं छापलंय, तेही आता दाखवू नका. त्याच माहितीचे तर आपण पैसे घेतले.

15 दिवसांत रक्कम खात्यावर आली नाही तर बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज देईन. 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी नाही आणि मी निवृत्त आहे, वेळ भरपूर आहे.

उत्तर लेखी आणि मराठीत द्यावं. कन्नड कागद मात्र जसेच्या तसे पाठवा, गोषवारा नको. वाचणारं माणूस आता घरात आहे.

आपला,
एक ग्राहक
अनगोळ, बेळगाव