बाई, आमची सोलं सापडायला लागली

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र घरी आणून दिलं असतं तर तुम्ही उभ्या उभ्या वाचलं असतं, "बरं" म्हणाला असतात आणि घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवून दिलं असतं. म्हणून चारचौघांत लिहितोय. नाव लिहायचं नाही ही तुमची अट पाळली आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात ज्यांनी तुमच्याकडे उशिराचा दंड भरलाय ते अर्ध्या ओळीत ओळखतील, त्याला माझा इलाज नाही.

गेल्या श्रावणात भर पावसात तुम्ही छत्री आमच्या कोकमाच्या दुकानाच्या दाराशी उभी करून आत आलात आणि पहिलंच वाक्य टाकलंत: "तुझी साइट आहे म्हणतोस, मग मला का सापडत नाही?" मी तोऱ्यात पत्ता सांगितला. "पत्ता माहीत असता तर शोधत कशाला बसले असते?" या प्रश्नाला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

साइट होऊन अकरा महिने झाले होते. ज्या कंपनीकडून करून घेतली ती दर महिन्याला रंगीत अहवाल पाठवायची. त्यात एक मोठा आकडा असायचा आणि पुढे ‘हिट्स’ असा शब्द. आकडा हजारांत. मी तो अहवाल छापून काउंटरमागे चिकटवला होता. तुम्ही चष्मा चढवून तो वाचलात आणि विचारलंत, "पहिल्या पानावर फोटो किती आहेत?" मोजले तर बावन्न. पान एकदा उघडलं की त्यातला प्रत्येक फोटो, प्रत्येक फाइल वेगळी मागवली जाते आणि तेवढे हिट्स लागतात. म्हणजे एक माणूस एकदा डोकावला तरी पन्नासच्या वर. आणि डोकावणारे कोण? मी, बायको, आणि घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मोबाइल पुढे करून "बघा बघा" करणारी आई.

मग तुम्ही स्टुलावर बसलात आणि गूगलमध्ये इंग्रजीत ‘साइट’, पुढे विसर्गासारखी दोन टिंबं आणि लगेच आमचा पत्ता असं टाइप केलंत. गूगलने एखाद्या पत्त्यावरची कुठली पानं आपल्या नोंदीत घेतलीत त्याचा अंदाज असा घेता येतो. आमच्यासमोर उत्तर आलं की काहीही सापडलं नाही. एक पानसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन तुमच्या पडवीत आलो. आमची साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर आहे. सेटिंग्जमध्ये ‘रीडिंग’ नावाचं पान आहे, त्याच्या अगदी तळाशी गूगलसारख्या शोधयंत्रांनी ही साइट नोंदवू नये अशा अर्थाचं एक वाक्य आणि त्याच्या आधी छोटा चौकोन. चौकोनात बरोबरची खूण. काम अर्धवट असताना साइट जगाला दिसू नये म्हणून ती करतात आणि झाल्यावर काढतात. काढायला कोणी आलंच नव्हतं. तुम्ही एवढ्या मोठ्याने हसलात की आतून काका विचारायला आले. "पुस्तक विकत घेतलं, कपाटात लावलं, पण दाखल-नोंदवहीत चढवलंच नाही. मग वाचकाला कोण सांगणार?" मी खूण काढली. अकरा महिने आणि एक क्लिक. (त्यात एक ‘कीवर्ड’ नावाचा खर्चही निघाला. पानाच्या पोटात कोकम, बेस्ट कोकम, स्वस्त कोकम अशी लांबलचक यादी लपवून ठेवलेली होती, वेगळे पैसे घेऊन. क्रमवारी लावताना ही यादी आपण पाहत नाही, हे गूगलने २००९ सालीच जाहीर केलेलं. तो कागद तुम्ही मला दाखवलात, मी बायकोला दाखवलेला नाही.)

मला वाटलं, झालं काम. तुम्ही म्हणालात, "आता नोंद होईल. पण मागणार कोण, आणि काय म्हणून?"

दुसऱ्या दिवशी बुटांचं खोकं घेऊन आलात. आत ग्रंथालयातल्या कॅटलॉगची जुनी कार्डं. संगणक आल्यावर ते कपाट मोडीत निघालं तेव्हा तुम्ही घरी आणलेली. तीन बाय पाच इंच, खाली मधोमध सळईसाठी भोक, एका बाजूला टाइपरायटरवर उमटलेली पुस्तकाची नोंद, मागची बाजू कोरी. हुकूम असा की गिऱ्हाईक दारात आल्यावर त्याच्या तोंडून जे पहिलं वाक्य निघेल ते मागच्या बाजूला जसंच्या तसं उतरवायचं. मी पहिल्या दिवशी ‘कोकम आगळ, १ लिटर’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. तुम्ही ते कार्ड माझ्यासमोर फाडलंत. कारण ती बाई म्हणाली होती, "सोलकढीत घालतात ते लाल पाणी आहे का?"

गणपतीत चाकरमानी आले आणि दहा-बारा दिवसांत खोकं निम्मं भरलं. बाई, ती कार्डं ओट्यावर मांडून आपण बसलो तो दिवस मी विसरणार नाही. आमच्याकडे झाडावर असतो तो रातांबा. गोव्याच्या बाजूला गेलं की त्यालाच भिरंड म्हणतात. सुकवलेल्या सालीला आम्ही सोलं म्हणतो, पुण्याची माणसं आमसूल म्हणतात, मुंबईकर नुसतंच कोकम. मीठ घालून ठेवलेला रस तो आगळ, साखरेतलं ते अमृत कोकम. बियांचं तेल आजीच्या भाषेत मुठेल, आणि शहरातून आलेल्या मुली त्याला कोकम बटर म्हणतात. एका आजोबांनी तर "टाचांना लावायची ती पांढरी वडी" एवढंच सांगितलं होतं. आणि आमच्या साइटवर? प्रत्येक पानाच्या माथ्यावर एकच शीर्षक: ‘नैसर्गिक व शुद्ध कोकणी उत्पादने’. या शब्दांत आजवर एकाही माणसाने आमच्या दारात काही मागितलं नव्हतं.

पहिल्या पानावर मी कोकणाचा इतिहास, निसर्ग आणि परंपरा यांवर दीड पान निबंध लिहिला होता. आईने तो पहिल्यांदाच पूर्ण ऐकला तेव्हा म्हणाली, "लोकांका सोलां व्हयी, तू तेंका इतिहास कित्याक सांगतस?" तुम्ही दोघी त्या दिवसापासून एका बाजूला झालात, हे मी तेव्हाच ओळखलं.

मग एकेका वस्तूला एकेक पान केलं आणि त्यात तिची सगळी नावं आली, कोंबून नाही, बोलताना येतात तशी. बरीच माणसं मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, म्हणून शीर्षकात तेही एकदा. आगळचं स्पेलिंग कोणतं बरोबर यावर मी घालायला निघालेला वाद तुम्ही उभा राहू दिला नाहीत.

खरी मजा पुढे. ठाण्याहून एकीचा फोन आला होता, तो मी कार्डावर घेतला: "तुमचा आगळ घातला आणि कढी फुटली." मी माफी मागून दुसरी बाटली पाठवणार होतो. आईने फोन हिसकावून विचारलं, "गरम केलंस?" केली होती. नारळाचं दूध आणि आंबट आगळ एकत्र तापवलं की दूध फाटतं. सोलकढी विस्तवावर चढवायचीच नसते. दूध गार असताना आगळ थोडा थोडा घालायचा, रंग बघत थांबायचं, आणि आगळात मीठ असतंच म्हणून वरून घालण्याआधी चाखायचं. तुम्ही आईला तेच पुन्हा बोलायला लावलंत, मी टाइप केलं आणि पानाला नाव दिलं, ‘सोलकढी फुटली? काय चुकलं असेल’. आज आमच्याकडे सर्वांत जास्त माणसं या पानावरून येतात. त्यावर विकायचं असं फारसं काही नाही, तळाशी आगळाचा एक फोटो आहे एवढंच.

तसंच ते ‘आमसुलावर पांढरं आलंय, बुरशी आहे का?’ हे पान. सालीला रस आणि मिठाची पुटं देऊन देऊन वाळवतात, तर ते मीठ वर येतं, बोटाला खरखरीत लागतं आणि पाण्यात टाकलं की जातं. बुरशी मऊ, केसाळ असते आणि वासाला ओळखू येते. दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी हवेत असा तुमचा हट्ट, आणि बुरशी आलेली आमसुलं आपल्या घरात आहेत हे कबूल करायला आईची ठाम ना. शेवटी तुम्ही स्वतःच्या फडताळातली बरणी आणलीत. पावसात झाकण सैल राहिलेली. साइटवर दिसते ती बुरशी बाईंची आहे, हे आज जाहीर करतो.

काही गोष्टी तुम्ही काढायला लावल्यात. ‘पित्तावर रामबाण’, ‘वजन घटवा’ ही वाक्यं कंपनीने घातली होती आणि मलाही बरी वाटत होती. खाद्यपदार्थ विकणाऱ्याने रोग बरा होतो असं सांगायचं नसतं. त्या जागी परवान्याचा चौदा अंकी क्रमांक आला. दिसायला रुक्ष, पण फोनवर "तुमचं लायसन आहे ना?" विचारणारे त्यानंतर थांबले.

फोटोंचं मात्र एस.टी. स्टँडवर कळलं. तिथे मोबाइलला जेमतेम एक दांडी रेंज. तुम्ही म्हणालात, उघड इथे. आमचं पहिलं पान पूर्ण उघडेपर्यंत वेंगुर्ल्याची गाडी लागली, भरली आणि सुटलीसुद्धा. एकेक फोटो पाच-सहा एमबीचा, कॅमेऱ्यातून निघाला तसा चढवलेला. बावन्नचे अकरा केले आणि प्रत्येक दीडशे केबीच्या आत आणला. रातांब्याचा रंग तसाच दिसतो, मी दोन्ही शेजारी धरून पाहिले.

भाव तर आम्ही लपवूनच ठेवला होता. आधी नाव नोंदवा, मग पासवर्ड, मग टोपली, मग पत्ता, आणि शेवटच्या पायरीवर कळणार की कुरिअरचे नव्वद रुपये. तुम्ही टेबलावर बोट आपटून ग्रंथालयशास्त्रातल्या रंगनाथनांचा चौथा नियम ऐकवलात: वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथालयशास्त्र मी शिकलो नाही, पण हा नियम ते बोट आठवूनच पाठ झालाय. आता वजन, किंमत, टपालखर्च सगळं वरच्या तीन ओळींत आहे. ज्याला टाइप करायचा कंटाळा त्याच्यासाठी व्हॉट्सॲपचं बटण.

नकाशाचं थोडक्यात सांगतो. आमची टाचणी पलीकडच्या वाडीतल्या भातशेतात होती. आधीच्या मे महिन्यात लोक तिथे उतरून त्या शेतकऱ्याला कोकम मागायचे, तो त्यांना आमचा रस्ता दाखवून दमला होता. गूगलवर दुकानाची नोंद आमच्या ताब्यात घेतली, टाचणी दारात आणली, वेळा आणि फाटकाचा फोटो घातला. यंदा गोव्याला निघालेल्या गाड्या महामार्गावरून न विचारता आत वळल्या. शेतकऱ्याला आम्ही एक बाटली दिली.

दिवाळीपर्यंत काहीच हललं नाही, हेही लिहायला हवं. गूगलच्या शोधातून किती माणसं आली ते दाखवणारं सर्च कन्सोल मी रोज सकाळी उघडायचो आणि शून्य, दोन, एक बघून तुम्हाला फोन करायचो. एकदा तुम्ही फोन उचललाच नाहीत. नंतर कळलं, मुद्दाम. डिसेंबरात दिवसाला चार-पाच माणसं शोधातून यायला लागली. सरबताचं पान तुम्ही जानेवारीतच लिहून घेतलं होतं, थंडीत, मला ते वेडेपणाचं वाटलं होतं. उन्हाळा लागला तेव्हा ते पान गूगलच्या नोंदीत मुरलेलं होतं, आणि मे महिन्यात दिवसाला साठ-सत्तर माणसं आली. त्यातली ऑर्डर देणारी दोन-तीन. मी कुरकुरलो, तर तुम्ही म्हणालात, "ग्रंथालयात येणारा प्रत्येक जण पुस्तक नेतो का? निम्मे पंख्याखाली बसायला येतात. बसू दे."

एवढ्या सगळ्याचे तुम्ही पैसे घेतले नाहीत. पाकीट दोनदा परत आलं, दुसऱ्यांदा त्यात पन्नासाची नोट जास्त होती, आधी नेलेल्या अर्ध्या किलो सोलांचे राहिलेले म्हणून. आई त्या दिवशी तुमच्यावर खरंच रागावली होती. आता शांत आहे.

खोकं अजून काउंटरवर आहे. परवा पावसाच्या तोंडावर पुण्याचा एक तरुण आला आणि म्हणाला, "सोलं या वर्षीची की मागच्या वर्षीची, ते कसं ओळखायचं?" मी कार्ड ओढलं, लिहिलं, आणि उलटून पाहिलं तर पुढच्या बाजूला भूगर्भशास्त्राच्या एका पुस्तकाची नोंद होती, शेरा ‘गहाळ’. या प्रश्नाचं पान लिहायला घेतलंय. आईचं म्हणणं एक, माझं एक. रविवारी दुपारी येऊन निवाडा करून जा.

तुमचा,
काउंटरमागचा आमसूलवाला

ता. क. यंदाच्या पहिल्या घाण्यातली सोलं काकांकडे दिली आहेत. लेबल उलटं चिकटलंय, ते काम माझं. आणि पैसे पाठवलेत तर आई स्वतः परत द्यायला येईल, मग दोन तास उठायची नाही.