अलकाच्या बाजूनं

प्रिय चिमे,

काल पोळा झाला. आमच्याकडे आता एकच बैलजोडी उरली आहे, बाकी कामं ट्रॅक्टरवर. तरी परवा खांदेमळणीला हे बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळत कितीतरी वेळ बसले होते. आज वावरात जायचं नाही. सोयाबीनला शेंगा धरल्यात, फवारणी आटोपली आहे, म्हणून ओट्यावर बसून तुला लिहिते आहे.

तू पाठवलेली पाचही पुस्तकं वाचून झाली. तू फोनवर "कशी वाटली?" विचारलंस आणि मी "छान" म्हणून विषय बदलला. ते खरं नव्हतं. 'बारोमास'बद्दल मला फोनवर बोलता येईना. घरात सगळे होते, आणि जे सांगायचं होतं ते तुला एकटीलाच सांगण्यासारखं होतं.

तीन रात्रींत संपवली मी ती. सदानंद देशमुख आपल्याच बुलढाण्याचे, त्यामुळे भाषेशी झटापट करावी लागली नाही. एम.ए., बी.एड. होऊन वावरात परतलेला एकनाथ, त्याचे वडील सुभानराव, शेवंतामाय, नानुआजी, धाकटा मधू. त्या घराचा उंबरा ओलांडताना मला वाकावं लागलं नाही, कारण मी त्याच घरात राहते. संस्थेला द्यायला पैसे नाहीत म्हणून मास्तरकी नाही, आणि शेतीत घातलेला पैसा परत येईल याचा भरवसा नाही, या दोन भिंतींमध्ये तो मुलगा कसा चेंगरतो ते वाचताना मला आमचे मृगातले दिवस आठवले. पेरणी झाल्यावर पाऊस दडी मारतो तेव्हा घरात कोणी मोठ्यानं बोलत नाही. दुकानदाराकडून बियाणं उधारीवर आणलेलं असतं आणि दुबार पेरणी करायची तर पुन्हा त्याच्याच दारात जायचं. ही लाज शहरातल्या माणसाला सांगून कळत नाही, देशमुखांनी ती कळवली. पुस्तक २००२ सालचं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचं पॅकेज आलं ते २००६ साली. म्हणजे दिल्लीला आमची वावरं दिसायच्या चार वर्षं आधी हे सगळं लिहून झालेलं होतं. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला, तो मिळायलाच हवा होता.

आणि तरी तिसऱ्या रात्री मी पुस्तक मिटलं तेव्हा मला राग आला होता. अलकासाठी.

अलका एकनाथची बायको. शहरातून आलेली, शिकलेली. सासूशी तिचं पटत नाही, नवऱ्यानं नोकरी धरावी हा तिचा हेका, आणि शेवटी ती माहेरी निघून जाते. चिमे, २००४ साली मी चार महिने अकोल्याला होते. सगळ्यांना सांगितलं होतं, बी.एड.ची परीक्षा आहे. खरं काय ते तुला ठाऊक होतं. तेव्हा आमच्या घरी संडास नव्हता. पहाटे अंधारात डबा घेऊन निघायचं आणि दिवसा पाणीच कमी प्यायचं, म्हणजे पुन्हा जावं लागणार नाही. नळाला पाणी येईल त्या वेळी उठायचं, मग ते रात्री दोनला येवो. मी कॉलेजात शिकलेलं इथे कोणाच्या उपयोगाचं नव्हतं आणि मला जे येत नव्हतं, निंदण, शेण-गोठा, पन्नास माणसांचा स्वयंपाक, तेच रोज लागत होतं. मी भांडायचे. भांडले नसते तर आजारी पडले असते.

एकनाथ विचार करतो तेव्हा पानंच्या पानं आपण त्याच्या मनात असतो. अलका बोलते तेव्हा मात्र बहुतेक भांडतच असते. दार लावून घेतल्यावर ती एकटी काय करते? रात्री छताकडे बघत कसला हिशोब मांडते? माहेरी गेल्यावर तिच्या आईनं तिला कोणत्या तोंडानं घरात घेतलं? मला हे हवं होतं. ती जे म्हणते ते काही खोटं ठरत नाही ना! या शेतीत घर बुडतंय, ही गोष्ट तिला इतरांच्या आधी दिसते. तेवढ्यासाठी तरी तिच्या मनात एकदा पाच पानं जाऊन यायला हवं होतं. तू म्हणशील, कादंबरी एकनाथची आहे. मान्य. पण ज्या लेखकानं आजीला, बापाला, भावाला इतकं जवळ घेतलं, त्याला सून लांबची का वाटावी? हा माझा त्यांच्याशी वाद आहे, आणि ज्याचं लिहिणं मनाला लागतं त्याच्याशीच असा वाद घालावासा वाटतो.

याच रागात 'रणांगण' हातात घेतली. १९३९ ची, अंगानं एवढीशी. सुरुवातीला मला चक्रधर अजिबात आवडला नाही. एका प्रेमात पोळलेला म्हणून सगळ्या बायकांना एकाच मापानं मोजत बसतो. महायुद्ध तोंडावर आलेलं, बोटीवर जर्मनीतून हाकललेले ज्यू, त्यांना उतरायला धड कुठला देश नाही, आणि हा माणूस आपली जखम कुरवाळतो आहे असं वाटत राहिलं. मग हॅर्टा आली. मुंबईला तो उतरून जातो, तिची बोट पुढे जाते, आणि मग तिची पत्रं सुरू होतात. त्या पत्रांशी मी थांबले, उठून पाणी प्यायले आणि पुन्हा बसले. इथे विश्राम बेडेकर बाजूला झाले आणि तिला बोलू दिलं. जे मला अलकासाठी हवं होतं ते ८० हून जास्त वर्षांपूर्वीच्या मराठी पुस्तकात, एका परक्या देशातल्या मुलीला मिळालं होतं. बेडेकरांची पत्नी म्हणजे विभावरी शिरूरकर, 'कळ्यांचे निःश्वास' लिहिणाऱ्या. त्याचा याच्याशी संबंध असेल-नसेल, पण मला सारखं ते आठवत होतं.

'ब्र'चं माझं उलटंच झालं. कविता महाजनांनी बायकांना बोलतं करायचं हेच काम अंगावर घेतलं आहे. प्रफुल्ला गावोगावच्या निवडून आलेल्या बायकांना भेटत फिरते, त्या काय सांगतात ते टिपत जाते. आणि मधे मधे एखाद्या प्रकल्पाची फाइल चाळल्यासारखं वाटतं, माहिती इतकी येते की माणूस तिच्याखाली दडपतो. दोनदा बाजूला ठेवली. पण मग एखादी सरपंचबाई अशी काही बोलून जायची की मला आमच्या ग्रामपंचायतीतली खुर्ची दिसायची. पुस्तक आलं २००५ मध्ये, तेव्हा बायकांना एक तृतीयांश जागा होत्या. २०११ पासून आपल्या राज्यात निम्म्या आहेत. आमच्याकडेही बाई सरपंच होती. सही तिची आणि शिक्का तिच्या नवऱ्याच्या खिशात. तेव्हा मी ते बघून गप्प बसले होते. 'ब्र' वाचल्यावर त्या गप्प बसण्याचं ओझं झालं आहे. म्हणून कादंबरी म्हणून ती मला सैल वाटली तरी परत करणार नाही, ठेवून घेते.

'रिंगाण'चं एवढंच सांगते की मी अजून तिच्या बाहेरच आहे. कृष्णात खोतांची ती कोल्हापूरकडची भाषा माझ्या कानाला बसायला वेळ लागतो आहे. धरणानं उठवलेलं गाव, मागे रानात सोडून दिलेल्या आणि रानटी झालेल्या म्हशी, हे सगळं विलक्षण आहे. माणसांनी जागा सोडली पण जनावरानं सोडली नाही, हे डोक्यातून जात नाही. दिवाळीनंतर पुन्हा वाचेन, तोवर मत देत नाही.

आता 'धग'. ती मी एकटीनं वाचलीच नाही. मूग तोडून आणलेला, सासूबाई आणि मी शेंगा सोलत बसलो होतो. त्यांना वाचता येत नाही, तुला माहीत आहे. मी म्हटलं, मोठ्यानं वाचू का? त्या हो-नाही काही बोलल्या नाहीत. मी सुरू केलं. उद्धव शेळक्यांची ती वऱ्हाडी, कौतिकचं बोलणं ऐकून त्यांचे हात थांबले. "कोन्या गावची व हे बाई?" मी म्हटलं, पुस्तकातली आहे, पुस्तक १९६० सालचं आहे. त्यांना ते पटलं नाही. मग रोज दुपारी "त्या कौतिकचं काय झालं?" म्हणून त्याच मला हाक मारू लागल्या. महादेवाच्या हातून काही घडत नाही आणि कौतिक सगळा संसार ओढते आहे, हे वाचताना त्या "हौ", "हौ" करायच्या, भजनात साथ करावी तशा. महादेवाला महारोग होतो तो भाग मला भराभर वाचून संपवायचा होता. त्यांनी मला हळू वाचायला लावलं.

'धग' संपल्यावर त्यांनी विचारलं, दुसरं हाय का? घरात 'बारोमास' होतं. मी दोन दिवस टाळलं आणि मग काढलं. शेवंतामाय आली तशा त्या सावरून बसल्या. परवा अलकाच्या आणि सासूच्या भांडणाशी आलो. तिथलं पान गाळून पुढचं वाचावं असं माझ्या मनात होतं, मी थांबले.

"काहून थांबली? वाच."

मी वाचलं, सगळं. त्या मान खाली घालून शेंगा सोलत राहिल्या. मग बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "तू अकोल्याले होती नं, तवा म्या आली होती."

मला काही कळेना.

"तुले न्याले. अकोल्याच्या स्टँडवर उतरली. पत्त्याची चिठ्ठी होती कमरेले. कोनाले वाचाले द्याव, समजलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं वापस आली."

वीस वर्षं झाली, चिमे. ह्यांनाही माहीत नाही.

त्या उठून आत गेल्या, मी बराच वेळ तिथंच बसून होते. काल पोळ्याच्या गडबडीत वाचन झालं नाही. मघाशी आतून त्यांनी विचारलं, लिहून झालं का, ते पुस्तक आन म्हणाव. म्हणून इथेच थांबवते. 'बारोमास' अजून महिनाभर माझ्याकडे राहू दे.

तुझीच,
बेबी